मेणवलीचा घाट, धुकं आणि तीन पहाटा

माझ्या थोरल्या मावशीचं माहेर मेणवली. वाईहून धोमच्या रस्त्याला लागलं की तीनेक किलोमीटरवर कृष्णाकाठचं हे गाव. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा दगडी घाट यासाठी लोक इथे येतात. मावशी आता ठाण्यात लेकाकडे असते. गुडघ्यांमुळे घाटाच्या पायऱ्या उतरणं तिला पुन्हा जमणार नाही. गेल्या दिवाळीत तिनं मला सांगितलं, "मला आपल्या घाटाचा एक मोठा फोटो काढून दे. पण धुई पडलेली असतानाचा. आम्ही सकाळी पाण्याला जायचो तेव्हा पायऱ्या नीट दिसायच्या, घंटेचं देऊळ अर्धंमुर्धं दिसायचं, आणि पलीकडचा काठ असून नसल्यासारखा. तसा."

मी बरीच वर्षं निसर्गाचे फोटो काढतो. सह्याद्रीतलं पावसाळी ढगातलं धुकं पुष्कळ टिपलंय. तरी मावशीचं हे वाक्य मला तेव्हा नुसतं आठवणीतलं वाटलं. त्यात तिनं फोटोचा अख्खा आराखडा सांगितला होता, हे कळायला मला एक सकाळ फुकट घालवावी लागली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या तीन सकाळींची ही हकीकत तपशिलात लिहितोय, कारण धुक्यात कॅमेरा घेऊन उतरणारे बहुतेक जण मी पहिल्या दिवशी केलं तेच करतात.

अट अशी होती : फोटो दिवाणावरच्या भिंतीवर लागणार, तीन फूट रुंद. घाट मेणवलीचाच आहे हे पाहताक्षणी कळलं पाहिजे आणि धुकंही खरं वाटलं पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. धुकं वाढलं की जागेची ओळख पुसते, ओळख ठेवायला गेलं की धुकं पातळ होतं.

पहिली पहाट

साडेसहाला घाटावर पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की वाड्याच्या बाजूनं उतरताना पुढच्या पाच-सहा पायऱ्यांपलीकडे फक्त पांढरं. मन हरखून गेलं. हवामान खात्याच्या हिशेबात एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं की धुकं म्हणतात, आणि पन्नास मीटरच्याही आत आलं की ते अति दाट. माझ्या अंदाजानं त्या दिवशी चाळीस मीटरच्या पुढे काही दिसत नव्हतं.

वरच्या पायरीवर ट्रायपॉड लावला, १६-३५ मिलिमीटरची, रुंद दृश्य टिपणारी वाइड लेन्स चढवली आणि सुरू झालो. साडेआठला धुकं विरलं तोवर १४३ फ्रेम झाल्या होत्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळ्या ठीक वाटल्या. धुक्यात पडदा फसवतो. भोवती सगळं मंद असल्यामुळे तो पडदा उजळ आणि चटकदार दिसतो.

दुपारी वाईतल्या लॉजवर लॅपटॉप उघडला आणि एकेक फाइल मोठी करून पाहिली. पहिला दोष उजेडाचा. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढरं धुकं दाखवलं तर तो त्याला करडं करतो. माझ्या फ्रेम्समधलं धुकं गिरणीच्या धुरासारखं आलं होतं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद ते उजळ छटा किती आहेत ते दाखवणारा आलेख, बघितला तर मधोमध उभा एक अरुंद डोंगर, डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, असल्यामुळे हे थोडंफार सुधारता आलं असतं, पण सावल्यांतला दाणा (रवाळपणा) वर आला असता, आणि तीन फुटांच्या प्रिंटमध्ये तो लपत नाही.

दुसरा दोष जास्त जिव्हारी लागला. शेवटच्या ५८ फ्रेम मऊ होत्या. फोकस चुकला म्हणावं, तर सगळीकडे सारख्याच मऊ. लेन्सच्या काचेवर दव धरलं होतं आणि मला पाऊण तास पत्ता नव्हता. उघड्यावर ट्रायपॉडवर ठेवलेली काच हळूहळू गार होत जाते, आणि बाष्पानं भरलेल्या हवेत ती हवेपेक्षा किंचित जरी गार झाली तरी तिच्यावर पाणी बसतं. धुक्यात धूसर चित्र दिसणं साहजिकच वाटतं, म्हणून ही चूक पटकन लक्षातही येत नाही. आता मी दर दहा मिनिटांनी काचेवर तिरका टॉर्च मारून बघतो.

पण या दोन्ही चुका दुरुस्त केल्या असत्या तरी त्या सकाळी फोटो मिळाला नसता. उरलेल्या ८५ फ्रेममध्ये एकच डोळ्यांना धरून ठेवत होती. एक बाई पाणी भरायला उतरल्या होत्या. माझ्यापासून दोन मीटरवर पायरीवर कळशी टेकवून त्या पदर खोचत होत्या, आणि मी नुसती कळशी टिपली होती. कळशीच्या काठावरचे पोचे, खाली ओल्या काळ्या दगडावर उमटलेलं वर्तुळ, सगळं लख्ख. तिच्यामागे एक पायरी जरा फिकट, पुढची आणखी फिकट, मग काहीच नाही. त्या फ्रेममध्ये धुकं दिसत होतं. बाकीच्या फ्रेममध्ये नुसता पांढरा पडदा होता, कारण धुकं ज्याच्यावर चढताना दिसावं अशी जवळची वस्तूच त्यांत नव्हती.

इथे थोडं गणित सांगतो, कारण त्यानंच पुढचं काम सोपं केलं. धुक्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे वस्तू आणि मागचं पांढरं यांतला उठाव, अंतरागणिक ठरावीक पटीनं कमी होत जातो. जेवढ्या अंतरावर वस्तू जेमतेम दिसते त्याला दृश्यता म्हणू. या दृश्यतेचा सहावा भाग ओलांडला की वस्तूचा कॉन्ट्रास्ट साधारण निम्मा होतो. आणखी तेवढंच गेलं की निम्म्याचा निम्मा. असं सहा वेळा झालं की उरतो दीड-दोन टक्के, म्हणजे डोळ्याची शेवटची मर्यादा. चाळीस मीटरच्या धुक्यात हा सहावा भाग जेमतेम सात मीटरचा. दोन मीटरवरची कळशी ऐंशी टक्के शाबूत, पण पंचवीस मीटरवरचं देऊळ दहा टक्क्यांच्याही आत. माझी वाइड लेन्स तर ते देऊळ आणखी लहान करून दाखवत होती. फोटोत देऊळ आहे हे मला माहीत होतं म्हणून मला दिसत होतं, दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

मावशी काय म्हणाली होती ते तेव्हा आठवलं. पायऱ्या नीट, देऊळ अर्धंमुर्धं, पलीकडचा काठ असून नसल्यासारखा. तीन अंतरं आणि तीन गडदपणे.

उन्हातली मोजणी

चारच्या सुमारास पुन्हा घाटावर गेलो, स्वच्छ उन्हात. धुक्याच्या फोटोची जागा धुकं नसताना ठरवावी, हे मी या प्रकरणातून पक्कं शिकलो. धुक्यात उभं राहून चौकट शोधायला गेलं की जे दिसतंय तेवढ्यातच माणूस अडकतो. काय लपलंय ते कळत नाही, आणि धुकं विरताना काय पुढे येणार तेही कळत नाही.

मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांची वळती रांग, काठावर मेणेश्वराचं देऊळ, आणि बाजूला ते छोटं घंटेचं देऊळ. त्यातली मोठी पोर्तुगीज घंटा चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर इथे आली असं सांगतात. घाटाच्या वळणामुळे एक फायदा होतो : एका टोकाला उभं राहिलं की पायऱ्या आपल्यापासून लांब जात जात पुन्हा समोर येतात. सरळ घाटावर धुकं एकाच पट्ट्यात बसतं, इथे ते पायरी-पायरीनं चढताना दाखवता येतं.

पावलं मोजत फिरलो. शेवटी एक जागा सापडली. खालून चौथ्या पायरीवर, अगदी कडेला. तिथून पायऱ्यांचा ओला, झिजलेला कोपरा सहा मीटरवर. घंटेचं देऊळ साधारण पंचवीस. पलीकडच्या काठावरची झाडं पंचाहत्तरच्या आसपास. वहीत तीन आकडे लिहिले आणि त्यावरून उलटा हिशेब केला : देवळाचा कॉन्ट्रास्ट निम्मा उरायला हवा असेल, तर दृश्यता पंचवीसच्या सहापट, म्हणजे दीडशे मीटर हवी. तेवढ्या धुक्यात पलीकडचा काठ तीनदा निम्मा होऊन आठव्या हिश्श्यावर येतो. असून नसल्यासारखा. आणि सहा मीटरवरचा कोपरा जवळपास पूर्ण शाबूत.

म्हणजे मला मिळेल तितकं दाट धुकं नको होतं. मला दीडशे मीटरचं धुकं हवं होतं. आजवर मी धुकं दाट म्हणजे चांगलं असंच मानत आलो होतो. जागा, लेन्स आणि धुक्याची दाटी या तिन्हींचा मेळ बसला तरच काम होतं. दाटी आपल्या हातात नाही, पण सकाळी ती बदलत जाते. ती बदलत असताना आपण कुठल्या क्षणाची वाट पाहतोय, हे आधीच माहीत असायला हवं.

लेन्सही बदलली. १६-३५ बाजूला ठेवून २४-१०५ घेतली आणि तिच्यावर साधारण ४० मिलिमीटरला चौकट ठरवली. त्यापेक्षा वाइड झालं तर देऊळ बारीक होतं. टेलिफोटोनं दूरचं मोठं दिसतं, पण आपण आणि देऊळ यांच्यामधलं धुकं तेवढंच राहतं, वर जवळचा कोपरा चौकटीबाहेर जातो. धुक्याच्या आत उभं असताना लांबची लेन्स फारशी कामाची नाही. धुक्याच्या बाहेर, उंचावरून खाली बघताना मात्र तिच्याइतकी उपयोगी कुठलीच नाही. ते पुढे येईलच.

ट्रायपॉडचे तीन पाय कुठे टेकवायचे तिथे खडूनं खुणा केल्या. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, अंधारात पाय चाचपडत बसणं परवडत नाही. खुणा करत होतो तेव्हा म्हैस पाण्याला घेऊन आलेले एक बाबा बराच वेळ बघत उभे होते.

"पाहुणं, काय मापं घेताय?"

"फोटोसाठी, बाबा. धुकं असताना काढायचाय. मावशीचं माहेर आहे इथलं."

"आसं व्हय. मग उद्या न्हाई पडायची धुई. आभाळ भरून येतंय बघा तिकडनं. परवाच्याला बघा."

मी फोनवरचा अंदाज पाहिला होता, त्यात उद्याही धुकं दाखवत होते. बाबांचं खरं ठरलं.

दुसरी पहाट

धुकं नाही. वर ढगांचा पातळ थर, मंद वारा, समोरचा काठ कोरल्यासारखा स्वच्छ.

त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. हिवाळ्यात दरीतलं धुकं पडतं ते रात्री जमिनीची ऊब वर निघून गेल्यामुळे. आकाश निरभ्र असेल तर ही ऊब मोकळी सुटते, जमीन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि हवेतलं बाष्प थेंबांच्या रूपात उतरतं. वर ढग असतील तर ते पांघरुणासारखे ऊब धरून ठेवतात. वारा असेल तर खालची गार आणि वरची उबदार हवा मिसळते. वाईला तर डोंगरांनी वेढलेलं आहे. रात्री गार हवा जड होऊन उतारांवरून खाली घरंगळते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. त्यात कृष्णेचं पाणी हवेपेक्षा उबदार, वर बाष्प सोडत असतं. उसाला, हळदीला पाणी दिलेलं असेल तर रानातूनही ओल येते. म्हणून धुकं पडेल की नाही हे पाहायचं असेल, तर तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाण्यात उतरू लागतं तो) यांत किती फरक उरलाय, आकाश मोकळं आहे का आणि वारा पडलाय का, ही तीन उत्तरं आदल्या रात्री मिळवावीत. आणि शेतकऱ्याला विचारावं. धुई म्हणजे आंब्याच्या मोहराला, हरभऱ्याला, कांद्याला धोका. तो आभाळाकडे आपल्यापेक्षा कितीतरी बारकाईनं बघत असतो. आपण ज्याची वाट पाहतो ते त्याच्यासाठी नुकसान असू शकतं, हे घाटावर उत्साहानं बोलताना मी तरी आता ध्यानात ठेवतो.

त्या सकाळी जागेवरून चौकट पुन्हा तपासली, सूर्य कुठून वर येतो ते पाहिलं आणि परत आलो. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. माझ्या चौकटीत तो उजव्या कडेच्या बाहेर, नदीच्या खालच्या अंगाच्या झाडांमागून येत होता. हे उपयोगाचं होतं, कारण धुक्याचे थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात. सूर्य समोरून किंवा समोरच्या बाजूनं आला तर धुकं आतून उजळतं. पाठीमागून आला तर ते चुना फासल्यासारखं सपाट दिसतं.

संध्याकाळी आभाळ निवळलं. वारा पडला. वाड्याजवळ बाबा पुन्हा भेटले आणि एवढंच म्हणाले, "वरच्या मळ्यात उसाला पाणी सोडलंय आज."

तिसरी पहाट

सहा वाजून दहा मिनिटांनी खडूच्या खुणांवर ट्रायपॉड उभा होता. धुकं होतंच, पुन्हा दाट. पण या वेळी घाई नव्हती.

कॅमेरा जॅकेटच्या आत ठेवला होता. काच हवेपेक्षा थोडी उबदार राहिली की दव धरत नाही, एवढाच त्यामागचा विचार. हूड लावलेलं, झाकण फोटोपुरतंच काढायचं. खिशात दोन कोरडी कापडं, कारण पहिलं दहा मिनिटांत दमट होतं. ऑटोफोकस बंद. धुक्यात त्याला पकडायला कडा मिळत नाही, तो पुढे-मागे फिरत राहतो. लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं थेट चित्र) दहापट मोठा करून पायऱ्यांच्या कोपऱ्यावर हातानं फोकस केला, मग रिंग किंचित पलीकडे नेली. एफ ८ च्या मध्यम छिद्रावर कोपरा आणि देऊळ दोन्ही पुरेसे धारदार येत होते. पलीकडचा काठ धारदार असण्याची गरजच नव्हती, त्याची धार धुकं खाणार होतं. एफ १६ वर जाण्याचा मोह अशा वेळी होतो. पण मागच्या गोष्टी मुळातच विरघळलेल्या असताना छिद्र एवढं बारीक करून आपण नुसता उजेड आणि धार घालवतो.

एक्स्पोजर मीटरपेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे उजेड दुप्पट, ठेवलं. पहिला फोटो घेऊन हिस्टोग्राम पाहिला : धुक्याचा डोंगर उजवीकडे सरकला होता, पण आलेखाच्या कडेला टेकला नव्हता. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची निळी-पिवळी झाक ठरवणारी सेटिंग, ५२०० केल्विनवर बांधून ठेवला. ऑटोवर ठेवला असता तर पहाटेची निळसर झाक त्यानं पुसली असती, आणि मला ती हवी होती. घाटावर सूर्य यायच्या आधीची ती अर्धी घटका निळीच असते.

साडेसहा ते सात, देऊळ दिसत नव्हतं. मी आठ-दहाच फ्रेम घेतल्या, त्याही उजेड तपासायला. सात वाजून गेल्यावर सूर्य उगवला असणार, तेव्हा धुकं उलट आणखी दाटलं. हे पुष्कळदा होतं. पहिल्या उन्हानं ओल्या जमिनीवरून बाष्प सुटतं, हवा हलू लागते, तळाशी साचलेलं वर उचललं जातं. नेमकं याच वेळी लोक सामान आवरतात. मी तेव्हा लेन्स पुसली, झाकण लावलं आणि खाली बसलो.

७ वाजून १८ मिनिटांनी घंटेच्या देवळाचं शिखर दिसू लागलं. आधी वरचा भाग, मग खाली भिंत. पलीकडचा काठ अजून कोराच. ७.२३ ला तिथे काहीतरी गडद जाणवलं, झाड म्हणावं की नाही असं. माझी तिन्ही अंतरं जागेवर येत होती. शटर १/८ सेकंद, आयएसओ १००. पाण्यावरून धुक्याचा एक पातळ पदर सरकत होता. १/८ ला त्याचा पोत थोडा शिल्लक राहतो. सेकंद-दोन सेकंद ठेवलं की तो पुसून दुधासारखा सपाट होतो. दोन्ही प्रकारे काढून पाहिलं, मला १/८ चाच खरा वाटला.

७.२६ ते ७.३१ या पाच मिनिटांत २२ फ्रेम घेतल्या. धुक्यात हालचाल हळू दिसते, पण दाटी दर अर्ध्या मिनिटाला बदलत असते. ज्या क्षणी योग्य वाटतं त्यानंतर दहा सेकंदांनी ते अधिक योग्य असू शकतं किंवा निसटलेलं असू शकतं, म्हणून या टप्प्यावर हात सैल सोडावा.

७.३४ ला वडाच्या फांद्यांतून ऊन आत आलं आणि धुक्यात किरणांचे पट्टे उभे राहिले. घाटावर असलेले आम्ही तिघं-चौघं गप्प झालो. मी तेही टिपलं. आजवर काढलेल्या फोटोंत ती फ्रेम देखणी म्हणून पहिल्या दहांत बसेल.

मावशीसाठी ती मी निवडली नाही. किरणांनी सगळं लक्ष वर ओढून घेतलं होतं, पायऱ्या काळ्या पडल्या होत्या, देऊळ उजेडात विरून गेलं होतं. ती फ्रेम कुठल्याही घाटावरची असू शकली असती. ७.२९ ची फ्रेम साधी आहे. ऊन नाही, किरण नाहीत. पण खाली डावीकडे तो झिजलेला कोपरा आहे, त्यावर पाण्याची रेघ चमकते, वळत गेलेल्या पायऱ्या एकेक छटा फिकट होत देवळापर्यंत पोचतात, आणि त्यापलीकडे कागद ओला झाल्यावर उमटावा तसा काठ. जागा आणि धुकं, दोन्ही.

वरून

आठला सामान गाडीत टाकलं आणि पाचगणीच्या रस्त्यावरचा पसरणी घाट चढलो. हेडलाइट खालच्या झोतावर, काचा थोड्या उघड्या. गार झालेला कॅमेरा बंद गाडीच्या उबेत नेला की त्याच्या आतही बाष्प धरतं, म्हणून तो झिपच्या पिशवीत बांधून ठेवला होता. काही वळणांनंतर अचानक निळं आकाश. खाली वाईचं खोरं दुधानं भरलेल्या परातीसारखं, आणि त्यातून वर आलेले डोंगरमाथे.

इथे सगळे नियम उलटे होतात. आपण धुक्याच्या बाहेर असतो, मधली हवा स्वच्छ असते, त्यामुळे ७०-२०० ची लेन्स एकामागच्या एका डोंगररांगा जवळ आणून बसवते. जवळच्या वस्तूची गरज उरत नाही. आकाश चौकटीतून जवळजवळ काढून टाकावं, ते आलं की धुक्याचा वरचा पृष्ठभाग फिका पडतो. मीटर इथेही फसतो, पण उन्हात उजळलेल्या धुक्यावर पाऊण स्टॉपपेक्षा जास्त वाढवलं तर पांढरं जळतं. सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली असेल, तर आपल्या सावलीभोवती रंगीत कडं दिसू शकतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाहायला मिळतं ते इंद्रवज्र हेच. त्या दिवशी दिसलं नाही. वीस मिनिटं थांबून काही फोटो घेतले. चांगले आले, पण त्यांत मेणवलीचा घाट कुठेतरी दुधाखाली होता.

संगणकावर आणि कागदावर

धुक्याचा फोटो बिघडवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे एडिटिंगचं टेबल. सवयीनं हात धूसरपणा काढणाऱ्या डीहेजच्या पट्टीकडे गेला. तीसवर नेली तर काठ स्पष्ट झाला, देवळाचे दगड मोजता येऊ लागले, आणि धुक्याला मळकट करडी छटा आली. ज्या काठासाठी तीन पहाटा घालवल्या तोच मी पुसत होतो. सगळं शून्यावर आणलं. मग फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यावर मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, थोडा कॉन्ट्रास्ट दिला, म्हणजे दगड ओला आणि जड वाटावा. हिस्टोग्राम या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला नाही. धुक्याच्या फोटोत अगदी काळं असं फार थोडं असतं आणि ते जवळच असावं. माझ्या फ्रेममध्ये ते फक्त पायरीच्या सांध्यांत आहे.

प्रिंटच्या वेळी एक अडचण आली. धुक्याच्या मुलायम छटा, कमी छटा साठवणाऱ्या आठ बिटच्या जेपेगमध्ये पायऱ्या-पायऱ्यांच्या पट्ट्यांसारख्या फुटतात. पडद्यावर दिसत नाहीत, तीन फुटांवर दिसतात. सोळा बिटची टिफ फाइल दिली आणि अगदी बारीक दाणा मिसळला, तेव्हा पट्टे गेले. सहा हजार पिक्सेल छत्तीस इंचांवर म्हणजे इंचाला १६६. एरवी मला हे कमी वाटलं असतं, पण इथे बारीक तपशील फक्त एका कोपऱ्यात होता. कागद मॅट घेतला. आधी एक वीतभर पट्टी छापून दिवाणखान्याच्या उजेडात धरून पाहिली. पलीकडचा काठ पूर्ण नाहीसा झाला होता. मॅट कागदावर फिकट छटा आणखी फिकट होतात. काठापुरता किंचित गडदपणा वाढवून पुन्हा छापलं.

मावशीला फोटो दिला तेव्हा तिनं आधी चष्मा पुसला. मग खाली डावीकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही झिजलेली पायरी. इथे आम्ही हंडे घासायचो."

बोट वळत्या पायऱ्यांवरून देवळापर्यंत गेलं, तिथून पाण्यावर. पलीकडच्या काठाशी ती थांबली आणि फोटोच्या अगदी जवळ गेली.

"आणि इथे झाड आहे ना? आहे. आहे की."